चपलांच्या कात्रणांपासून कंपोस्ट
अथणी-निपाणी परिसरात कोल्हापुरी चपला करताना उरणारी कात्रणे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याची असतील, तरच खतासाठी घ्यावीत. कापलेली कड निळसर-करडी दिसली, तर ते क्रोमचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे समजून कटाक्षाने टाळावे, कारण क्रोमियम कुजून नाहीसे होत नाही, जमिनीतच साठून राहते. रंगवलेले, सोल्युशन (चिकटवण्याचा गोंद) लावलेले तुकडेही नकोत. निवडलेली कात्रणे नखाएवढी बारीक करून उसाचे पाचट आणि ताजे शेण यांच्या थरांत थोडीथोडीच मिसळावीत. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा राखावा. अमोनियाचा उग्र वास येताच पाचट वाढवून ढीग उलटावा. साल-हिरड्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कातडे सावकाश कुजते, म्हणून तुकडा बोटांनी चुरडेपर्यंत थांबावे आणि शेतात घालण्यापूर्वी खतातील क्रोमियम प्रयोगशाळेत तपासून घ्यावेच.