घराचं नूतनीकरण: आधी वावर बघा, मग आराखडा काढा

तोडफोड ठरवण्याआधी आठवडाभर एक वही हाताशी ठेवा आणि घरात जिथे जिथे अडतं ते लिहून काढा. कोणतं दार कपाटावर आपटतं, पसारा रोज नेमका कुठे साठतो, रात्री दिव्याच्या बटणापर्यंत अंधारात किती चालावं लागतं. लहान मुलांना आणि वयस्कर माणसांनाही विचारा; त्यांच्या अडचणी आपल्या नजरेतून सुटतात.

पुढे मोजमापं. स्वयंपाकघराचा ओटा सरसकट ८५ ते ९० सेंटिमीटर उंच बांधतात आणि उंच किंवा बुटक्या माणसाची पाठ त्याची किंमत मोजत राहते. ओट्यापाशी सर्वांत जास्त वेळ जो उभा राहतो, त्याचंच माप घ्या. ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करायचे. घरात चप्पल वापरत असाल तर ती घालूनच मोजा. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी जातात, त्यामुळे सिंक खोल असेल तर तिथला ओटा जरा उंच घ्या.

भिंत पाडायची किंवा तिच्यात नवं दार काढायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा उचलू देऊ नका. गवंडी कितीही अनुभवी असला तरी हा निर्णय त्याचा नाही.

कामाचा क्रम साधारण असा: तोडफोड, मग नळ आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, रंग. पैसा कमी पडला तर रंग आणि फर्निचर थांबू शकतं. भिंतीआड जाणाऱ्या कामात मात्र काटकसर नको. जिने आणि लांब बोळ असतील तिथे दोन्ही टोकांना टू-वे स्विच घ्या, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून लावता-बंद करता येईल. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोजमापाची टेप लावून फोटो काढा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल.

सगळ्यात जास्त लक्ष बाथरूमकडे हवं. वॉटरप्रूफिंग वाळल्यावर पाणी वाहून जायची जाळी बंद करून पाणी साठवा, निदान २४ तास तसंच राहू द्या आणि खालच्या छताला ओल येते का बघा. ही चाचणी फरशी बसण्याआधीच झाली पाहिजे. फरशीला मीटरमागे एक ते दीड सेंटिमीटर उतार जाळीकडे द्या. फरशी न घसरणारीच घ्या, आणि कमोडशेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा पेलेल अशी मजबुती आत्ताच करून ठेवा. दांडा हवा तेव्हा बसवता येईल.