नदीकाठच्या जुन्या साठवण-जागेची तपासणी आणि सफाई कशी करावी

नदीकाठी पूर्वी रसायने, तेल किंवा कारखान्याचा कचरा साठवलेली जागा साफ करायची असेल, तर खोदकामाची घाई करू नये. गंजलेली पिंपे आणि गळक्या टाक्या मात्र तपासणी पूर्ण होण्याआधीच हलवाव्यात. परंतु आतील द्रव्य ओळखल्याशिवाय दोन पिंपांतील माल एकत्र करू नये, कारण सायनाइडच्या क्षारांशी आम्लाचा संयोग झाला तरी प्राणघातक वायू सुटतो.

कोठे काय ठेवले होते, हे जुने नकाशे, नोंदवह्या आणि तेथील माजी कामगार यांच्याकडून समजून घ्यावे. बुजवलेला खड्डा नोंदवहीत क्वचितच सापडतो. तो कामगारांनाच आठवतो.

खरी मेहनत भूजलासाठी राखून ठेवावी. प्रवाहाची दिशा ठरवण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान ३ निरीक्षण-विहिरींतील पाण्याची पातळी एकाच संदर्भ-उंचीवरून मोजावी लागते. नदीकाठी ही मोजणी एकदा करून भागत नाही, कारण एरवी नदीकडे वाहणारे भूजल पुराच्या वेळी मागे रेटले जाते, नदीचे पाणी काठच्या जमिनीत शिरते आणि पूर ओसरला की तेथील विरघळलेली द्रव्ये घेऊन पुन्हा पात्रात उतरते. डिझेल भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते, तर ट्रायक्लोरोइथिलीनसारखे जड द्रावक खाली जाऊन चिकणमातीच्या थरावर साचते. तो थर निष्काळजीपणे भेदणारे बोअर प्रदूषणाला खालच्या जलधराची (भूजल धरून ठेवणाऱ्या थराची) वाट मोकळी करून देते. तुलनेसाठी, भूजल जिकडून येते त्या, जागेच्या वरच्या बाजूचे नमुनेही घ्यावेत.

उपाय प्रदूषकानुसार निवडावा. उथळ दूषित माती उचलून घातक कचऱ्याच्या अधिकृत भूभरावात (कचरा पुरण्याच्या जागेत) न्यावी आणि खड्डा बुजवण्यापूर्वी त्याच्या तळाचे व भिंतींचे नमुने तपासावेत. षट्संयुजी क्रोमियम या क्रोमियमच्या विषारी रूपाचे रासायनिक क्षपण (इलेक्ट्रॉन पुरवणारी अभिक्रिया) करून त्याचे कमी विषारी, कमी विरघळणाऱ्या त्रिसंयुजी रूपात परिवर्तन करता येते. जागेवर नुसते अभेद्य आच्छादन घालणे स्वस्त असले, तरी ते केवळ पावसाचे पाणी अडवते, बाजूने येणारे भूजल नव्हे. पात्रातील गाळ काढताना तो ढवळून पसरू नये म्हणून गाळरोधक पडदे लावावेत.

दूषित पाणी उपसून शुद्ध करण्याची यंत्रणा बंद केल्यानंतरही विहिरींची तपासणी चालू ठेवावी, कारण चिकणमातीत मुरलेली द्रव्ये हळूहळू बाहेर येऊन पाण्यातील प्रमाण पुन्हा वाढवतात.