रुक्मिणीच्या निरोपाची गोधडी

रुक्मिणीहरणाच्या चित्रांत रथ आणि घोडे मोठे, ती कडेला. भागवतात (स्कंध 10, अध्याय 52) मात्र बेत तिचाच आहे. कृष्णाला धाडलेल्या 7 श्लोकांच्या निरोपात कधी यायचं, कुठून न्यायचं, सगळं तीच ठरवते. म्हणून कौंडण्यपूरच्या या लेकीची गोधडी करताना रथ काढूच नका. श्लोकाला एक, अशा 7 पट्ट्या जोडा.

जुन्या सुती धोतराच्या 37 × 6 इंची 6 पट्ट्या फाडा. कात्रीपेक्षा फाडलेली कड सरळ येते. सहावी पट्टी लाल लुगड्याची. ओल्या पांढऱ्या चिंधीने लुगडं आधी चोळून बघा, चिंधी लाल झाली तर रंग जायचा थांबेपर्यंत धुवा, नाहीतर शेजारच्या पट्ट्या डागाळतील.

धोतराच्या पट्ट्यांना पळसाचा रंग द्या. 200 ग्रॅम कापड धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळा. मग 40 ग्रॅम हिरडापुडीच्या पाण्यात रात्रभर ठेवून वाळवा, पुढची रात्र 30 ग्रॅम तुरटीच्या पाण्यात. हिरडा टाळू नका, नुसती तुरटी सुतावर नीट धरत नाही. 200 ग्रॅम वाळलेली फुलं तासभर उकळून गाळा, त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास हलवत राहा. लोखंडी कढई नको, हिरड्याला लोखंड लागलं की कापड काळवंडतं.

अक्षरं पट्ट्या सुट्या असतानाच भरा: इंचभर उंच, साखळी टाक्याने, दोरा सैल ठेवून. ओढला की कापड चुरगळतं आणि वेलांट्या बिघडतात. एकेका बाईने एकेक श्लोक समजून घेऊन आपल्या बोलीत चार शब्द लिहावे. सहाव्या श्लोकात ती म्हणते, ‘तुझे नातलग न मारता अंतःपुरातून तुला कसं नेऊ?’ असं विचारशील, तर उपाय ऐक: लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. लाल पट्टीवर तीच वाट काढा, वाड्यापासून देवळापर्यंत, न तुटता.

पाव इंच शिवण धरून पट्ट्या जोडा. खाली जुन्या लुगड्याचे दोन थर घाला. मधून कडेकडे, चार-चार इंचांवर कच्चे टाके घाला. कडेकडून सुरुवात केली तर मध्ये फुगा राहतो. मग इंचाला 5 टाके असा धावदोरा. टांगायला मागे 4 इंची नेफा शिवून बांबू घाला. पळसाचा रंग उन्हात उडतो, उन्हासमोरची भिंत टाळा.