सेव्हन सस फोर कॉर्ड: बांधायची कशी, वाजवायची कुठे

जी सेव्हनवरून सी मेजरवर आलं की ओळ पुरी झाली हे कानाला लगेच कळतं. त्या जी सेव्हनच्या आधी दोन मात्रा जी सेव्हन सस फोर वाजवून बघा (सस म्हणजे सस्पेंडेड, लटकता ठेवलेला; फोर म्हणजे मूळ स्वरापासूनचा चौथा स्वर). शेवट तोच, पण तिथे पोहोचण्याची ओढ वाढते. सगळा फरक एका स्वराचा आहे.

आधी बांधणी. जी सेव्हनमध्ये जी, बी, डी, एफ असे चार स्वर असतात. त्यातला बी काढून सी घाला, की जी, सी, डी, एफ ही सस फोर तयार. कॉर्डच्या मूळ स्वराला सा मानलं, तर गंधाराच्या जागी मध्यम येतो. पंचम आणि कोमल निषाद जागेवरच राहतात. बी आणि एफमध्ये सहा अर्धस्वरांचं अंतर असतं आणि जी सेव्हनचा ताण त्यातूनच येतो. बी गेला की तो ताण निवळतो, पण सी ला बी वर उतरायची ओढ राहते. गंधार नसल्यामुळे कॉर्ड मेजर आहे की मायनर, हेही उघड होत नाही.

आता हात बसवा. गिटारवर ए सेव्हनपासून सुरुवात करावी, कारण तिथे बदल डोळ्यांनाही दिसतो. चौथ्या आणि दुसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट दाबा, सहावी तार सोडून बाकीच्या मोकळ्या वाजू द्या. ही ए सेव्हन. बोटं तशीच ठेवून दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर करंगळी टेकवा, सस फोर झाली. करंगळी उचला, पुन्हा ए सेव्हन. हे अगदी सावकाश करा आणि फक्त दुसरी तार ऐका: डी वरून सी शार्पवर, अर्धा स्वर खाली. बारा कॉर्डची नावं पाठ करण्यापेक्षा हे उतरणं कानात बसणं जास्त मोलाचं आहे.

कीबोर्डवर डाव्या हाताने जी आणि उजव्याने एफ मेजर वाजवा. डी यात नसतो, तरी सस फोरचा रंग पुरेपूर येतो. वर ए, म्हणजे जी पासूनचा नववा स्वर, आल्यामुळे ही खरं तर नाइन सस फोर झाली. कॉर्डशीटवर एफ, तिरकी रेघ आणि जी असं दिसलं, तर तिथे हेच वाजवायचं असतं.

पुढची पायरी म्हणजे या कॉर्डवर येण्याची वाट. सोळाव्या शतकातल्या युरोपीय समूहगायनात असा स्वर आधीच्या स्वरमेळातून धरून आणत आणि मग एक पायरी खाली उतरवत. ती शिस्त आजही कामी येते. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन सस फोर, जी सेव्हन, सी असा क्रम घ्या. पहिल्या कॉर्डमधले डी, एफ आणि सी दाबूनच ठेवा, फक्त ए सोडून जी वाजवा. मग सी वरून बी. शेवटी बी परत सी वर चढतो, एफ ई वर उतरतो.

कुठे वाजवावी, हे चाल सांगते. जी सेव्हनवर गायकाने सी लांबवला, तर तो बी ला घासतो. तिथे सस फोर हमखास वापरावी. उलट गाण्यातच ठळक बी असेल तर साधी सेव्हन बरी. बासवाल्यालाही त्या मात्रांवर बी टाळायला सांगा. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ही कॉर्ड घालू नये, ओढ बोथट होते.

सस फोर सोडवलीच, म्हणजे पुढे साध्या सेव्हनवर उतरवलीच, पाहिजे असं मात्र नाही. जॅझ पियानोवादक हर्बी हॅन्कॉक यांची १९६५ची ‘मेडन व्हॉयेज’ ही रचना अशाच कॉर्डवर उभी आहे. तिथे त्या पुढे उतरत नाहीत, एकीवरून दुसरीवर सरकतात.

मला हिचा सर्वांत आवडता उपयोग पट्टी बदलताना वाटतो. गाणं सी मध्ये आहे आणि शेवटचं कडवं डी मध्ये न्यायचं आहे. थेट ए सेव्हन घेतली तर सी शार्प एकदम परका वाटतो. त्याऐवजी ए सेव्हन सस फोर घ्या: ए, डी, ई, जी हे चारही स्वर सी मेजरचेच आहेत, त्यामुळे काही हललंय असं ऐकणाऱ्याला जाणवत नाही. एक पूर्ण आवर्तन ती धरा, मग ए सेव्हन, आणि पुढच्या समेवर डी.