आजारी माणसासाठी हलकी गोधडी कशी शिवावी

नात्यातल्या किंवा शेजारच्या माणसाला कॅन्सरसारखं मोठं आजारपण आलं की आपल्याला काहीतरी करावंसं वाटतं. डबा पाठवावा तर तोंडाला चव नसते, भेटायला जावं तर डॉक्टरांनी गर्दी करू नका म्हणून बजावलेलं असतं. अशा वेळी मऊ, हलकी गोधडी खरोखर कामाला येते. केमोच्या वॉर्डात एसी चालू असतो आणि सलाईन लावून तासन् तास एका जागी पडून राहावं लागतं. रक्त कमी झालं की उन्हाळ्यातही थंडी वाजते. ऑक्सॅलिप्लॅटिनसारखं केमोचं औषध चालू असेल तर थंड वस्तूला नुसता हात लागला तरी बोटांना झिणझिण्या येतात. हॉस्पिटलचं ब्लँकेट मिळतं, पण त्यात आपल्या घरचं काही नसतं.

मात्र ही गोधडी रोजच्यासारखी शिवून चालत नाही. सहा-सात पदरांची, म्हणजे कापडाच्या थरांची, भरभक्कम गोधडी धडधाकट माणसाला छान वाटते, अशक्त माणसाला तिचं ओझं होतं. आजारी माणसाला ती एका हाताने अंगावर ओढता आली पाहिजे, गरम पाण्यात धुता आली पाहिजे आणि सकाळी धुतली तर संध्याकाळी वाळलेली पाहिजे. म्हणून माझं सांगणं असं, की एक जाड शिवण्यापेक्षा दोन पातळ शिवा. एक अंगावर, एक दोरीवर.

आधी विचारून घ्या

आश्चर्याची भेट वगैरे करायच्या फंदात पडू नका. पेशंटला किंवा त्याची रोज सेवा करणाऱ्या माणसाला सरळ विचारा: गोधडी आवडेल का, कुणाच्या साडीची हवी, रंग कुठला नको. गेलेल्या आईच्या लुगड्याची गोधडी कुणाला मायेची वाटते, तर कुणाला त्या दिवसांत गेलेल्या माणसाचं कापड अंगावर घ्यायला नको वाटतं. दोन्ही बरोबरच. निखळ पांढरी गोधडी मात्र मी कधीच सुचवत नाही. अंगावर पांढरं कापड पाहून आपल्याकडे पेशंटच्याच नव्हे, भेटायला आलेल्यांच्याही मनात नको ते येतं.

हॉस्पिटलमध्ये नेणार असाल तर वॉर्डातल्या सिस्टरना विचारा. आयसीयूत किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या खोलीत बाहेरचं कापड बहुतेक चालत नाही. तिथे हट्ट करू नका, गोधडी घरी आल्यावर द्या.

तारखाही विचारून ठेवा. केमो बऱ्याचदा दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने असते. पुढच्या तारखेच्या आधी गोधडी हातात पडेल असंच काम आखा. बारीक टाक्यांची देखणी गोधडी चार महिन्यांनी देण्यापेक्षा साध्या टाक्यांची पंधरा दिवसांत दिलेली बरी.

माप आणि कापड

माप घ्यायची सोपी रीत: माणसाच्या खांद्यापासून पावलांपर्यंतचं अंतर आणि वर एक वीत. मध्यम उंचीच्या माणसाला ६० इंच लांबी पुरते. रुंदी साडीच्या पन्ह्याएवढी, म्हणजे साधारण ४५ इंच. हॉस्पिटलची कॉट तीन फुटांच्या आसपास असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना चार-पाच बोटं लोंबेल, पण जमिनीला टेकणार नाही. हे महत्त्वाचं आहे. रात्री बाथरूमला उठताना लोळणाऱ्या गोधडीत पाय अडकून पडण्याची भीती असते, आणि केमोच्या दिवसांत पडणं फार महागात जातं.

आता कापडाचा हिशोब. सहावारी साडी म्हणजे २१६ इंच. तिचे ६० इंचांचे तीन तुकडे पडतात आणि ३६ इंच उरतात, ते ठिगळांना होतात. म्हणजे एका सुती सहावारीत तीन पदरांची अख्खी गोधडी निघते आणि तिचं वजन त्या साडीएवढंच राहतं. नऊवारी असेल तर पाच पदर मिळतात. पेशंटसाठी तीन पदर पुरेत, फार तर चार.

कापड शंभर टक्के सुती आणि वापरून मऊ झालेलं हवं. टेरिकॉट, नायलॉन, जॉर्जेट नको, कारण ते घाम शोषत नाही आणि रेडिएशन चालू असलेल्या त्वचेला बोचतं. नवं मांजरपाट आणलंत तर त्याची खळ जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा. जुनी साडी उजेडात धरून बघा. जिथून उजेड झिरझिर दिसतो आणि दोन्ही हातांनी ताणल्यावर कापड चरचरतं, तो भाग मधल्या पदराला ठेवा. जरीचा काठ काढून टाका. लग्नातल्या साडीचा काठ हवाच असा आग्रह असेल, तर त्याची एक पट्टी वरच्या पदरावर, पायाकडच्या टोकाला लावा, म्हणजे मानेला आणि हाताला लागणार नाही.

शिवायच्या आधी सगळं कापड गरम पाण्यात धुऊन घ्या. जे आटायचं ते आधीच आटू दे. रंग जातो का तेही बघा: ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासा, फडक्याला रंग लागला तर ते कापड बाद.

धुताना वासाचं भान ठेवा. केमोच्या दिवसांत एरवी आवडणाऱ्या वासानेही मळमळतं. सुगंधी पावडर, कंडिशनर, अत्तर काही नको. कपाटातल्या साडीला डांबर गोळ्यांचा वास असेल तर ती दोन-चार दिवस उन्हावाऱ्यात टाका, मग धुवा. तरीही वास राहिला तर दुसरी साडी घ्या.

ठिगळं

अंगाकडची बाजू एकसंध, बिनजोडाची ठेवा. आजारी कातडीला जोडाची शिवण टोचते. ठिगळं फक्त वरच्या पदरावर लावायची, आणि पदर एकत्र करण्याआधीच लावून घ्यायची.

ठिगळं कशाची लावायची हे पेशंटला ठरवू द्या. नातवाचा जुना सदरा, लेकीचा फ्रॉक, स्वतःची रोजच्या वापरातली साडी, काहीही चालेल. फक्त बटणं, चेन, खिसे, भरतकाम, टिकल्या काढून टाका. हाताला सलाईनची सुई किंवा छातीत केमोची नळी असते, तिच्यात काहीही अडकता कामा नये. म्हणूनच गोंडे आणि झालरही नको.

सात इंचांचा चौकोन कापा, चारही बाजू अर्धा इंच आत मुडपून इस्त्री फिरवा आणि बारीक टाक्यांनी कडेने शिवा. सहा इंचांचं ठिगळ तयार होईल. ही ठिगळं छातीपासून मांड्यांपर्यंतच्या भागात लावा. पडल्या पडल्या माणसाला तेवढंच दिसतं.

देवाचं नाव किंवा चित्र असलेलं कापड घालू नका. गोधडी फिरते, पायाशी येते, आणि मग श्रद्धाळू माणसाच्या जिवाला घोर लागतो. उशाकडच्या कडेला मात्र वेगळ्या रंगाची एक पट्टी जरूर लावा. पायाकडची बाजू तोंडाशी येऊ नये एवढ्यासाठी ही खूण लागते, आणि अर्ध्या झोपेतल्या सोबतीच्या माणसालाही ती पटकन दिसते.

पदर अंथरणे आणि कच्चा टाका

फरशी स्वच्छ पुसून चादर टाका. अंगाकडचा पदर उलटा, म्हणजे चांगली बाजू खाली करून अंथरा. त्यावर मधला, त्यावर ठिगळांचा. वरचे दोन पदर चारही बाजूंनी एकेक इंच कमी कापा. तळहाताने मधून कडांकडे सुरकुत्या काढत जा. समोर दुसरं कुणी कोपरे धरायला असेल तर हे काम निम्म्या वेळात होतं.

आता कच्चा टाका घाला, वीतभर अंतराने, उभा आणि आडवा. दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, म्हणजे नंतर उसवताना एकही राहणार नाही. टाचण्या अजिबात लावू नका. तीन पदरांत शिरलेली टाचणी दिसत नाही, आणि प्लेटलेट्स कमी असलेल्या माणसाला साधं टोचलं तरी रक्त लवकर थांबत नाही. सुयासुद्धा मोजून काढा आणि उठताना मोजून डबीत ठेवा.

खालच्या पदराचा बाहेर राहिलेला एक इंच अर्धा-अर्धा करून दोनदा वर मुडपा आणि शिवून टाका. कडेची जाड घडी अशी वरच्या बाजूला येते आणि अंगाकडची बाजू सपाट राहते.

धावदोरा

धावदोरा म्हणजे सुई खाली-वर घेत सरळ ओळीत घातलेला साधा टाका. सुई लांब, बारीक आणि मोठ्या डोळ्याची घ्या, दाभण नको. दोरा सुती, दुहेरी, साधारण दीड हात. त्याहून लांब घेतला की गुंततो. बोटात टोपण घाला.

आपल्याकडच्या जुन्या रीतीप्रमाणे बाहेरच्या कडेने सुरुवात करून चौकोनामागून चौकोन घेत आत जायचं. दोन ओळींत दोन इंच अंतर ठेवा. घट्ट, जवळजवळ टाके घातले की कापड ताठ होतं, आणि आपल्याला तर ते अंगावर पडेल असं मऊ हवंय.

सगळं कौशल्य गाठीत आहे. अंगाकडच्या बाजूला एकही गाठ नको, वरही नको. त्यासाठी दोऱ्याच्या टोकाला छोटी गाठ मारा. जिथून शिवण सुरू करायची त्याच्या इंचभर मागे वरच्या पदरातून सुई आत घाला, पण खाली न काढता पदरांच्या मधून सरकवत सुरुवातीच्या जागी वर काढा. आता दोरा हलकेच ओढा. गाठ वरच्या पदराशी अडेल. आणखी जरासा झटका द्या, ती टचकन आत शिरेल आणि दोन पदरांच्या मध्ये बसेल. जास्त जोर लावलात तर ती दुसरीकडून बाहेर येईल, मग पुन्हा करा. दोरा संपत आला की त्याच जागी दोन उलटे टाके घ्या, सुई पदरांच्या मधून इंचभर पुढे नेऊन वर काढा आणि दोरा कापडाला लागून कापा. उरलेलं टोक आपोआप आत जातं.

मैत्रिणी, जावा, शेजारणी मिळून शिवणार असाल तर हे काम पेशंटच्या घरी करू नका. ज्याला सर्दी, खोकला, ताप आहे त्याने त्या दिवशी हात लावू नये.

देण्याआधीची तपासणी

कच्चा टाका उसवून घ्या. लोहचुंबक गोधडीवरून दोन्ही बाजूंनी फिरवा. मग डोळे मिटून अंगाकडची बाजू गालावरून आणि मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवा. बोटांना न कळलेली गाठ गालाला कळते.

शेवटी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि धुतलेल्या सुती अभ्र्यात घालून बांधा. पावसाळ्यात दमट गोधडी कधीही देऊ नका. पांढऱ्या पेशी कमी असताना बुरशीचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. ऊन नसेल तर ड्रायर किंवा इस्त्री वापरा.

अभ्र्यात घालण्याचा आणखी एक फायदा आहे. परळच्या टाटा मेमोरियलला बाहेरगावाहून आलेले अनेक पेशंट दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. अंगावर चिंध्यांची गोधडी वागवणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराजच म्हणत. धर्मशाळेतल्या मोजक्या जागेत आणि लोकलच्या गर्दीत अवजड सामान नकोसं होतं. अभ्र्यात घातलेली तीन पदरी गोधडी पिशवीत मावते आणि बाकावर उशी म्हणूनही चालते.

देताना घरच्यांना हे सांगा

गोधडी अंगावर घ्यायची, खाली अंथरायची नाही. खालच्या घड्यांनी पाठीला आणि माकडहाडाला जखमा होऊ शकतात, आणि अशा जखमा टाळणारी हवेची गादी (एअर मॅट्रेस) असेल तर तिचा उपयोग कमी होतो.

हुडहुडी भरली तर नुसती गोधडी गुंडाळून बसू नका, आधी ताप मोजा. केमो चालू असलेल्या माणसाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन करा.

रक्ताचा डाग आधी गार पाण्यात काढा. केमोनंतरच्या ४८ तासांत उलटी किंवा लघवी लागलेली गोधडी हातमोजे घालून उचला आणि इतर कपड्यांपासून वेगळी, दोनदा धुवा. गोधडी खराब होईल म्हणून जपून ठेवू नका, हेही स्पष्ट सांगा. शिवणाऱ्याला वाईट वाटेल या संकोचाने लोक ती कपाटात ठेवतात आणि पेशंट कुडकुडत राहतो.

दुसरी गोधडी पहिलीच्या पाठोपाठ लगेच पुरी करू नका. पहिली आठवडाभर वापरू दे, मग फोन करून विचारा: पाय उघडे पडतात का, खांद्यावरून घसरते का, टाका कुठे टोचतो का, धुतल्यावर किती वेळात वाळते. जे कळेल त्याप्रमाणे दुसरीचं माप घ्या आणि तेव्हाच तिचा कच्चा टाका घाला.