वाय-एसटीआरचा अहवाल वाचताना या चुका टाळा

वाय-एसटीआर चाचणी पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर ठरावीक जागी डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा लागोपाठ येतो ते मोजते; अशी प्रत्येक जागा म्हणजे एक मार्कर. सगळे मार्कर जुळले, म्हणजे माणूस सापडला, ही सर्वांत महागात पडणारी चूक. वाय गुणसूत्राचा बहुतांश भाग बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. त्यामुळे संशयिताचे वडील, भाऊ, काका, चुलतभाऊ, इतकेच काय, घरात कुणाला नावही ठाऊक नसलेला चार पिढ्यांपलीकडचा भाऊबंद, यांचा हॅप्लोटाइप, म्हणजे सगळ्या मार्करच्या निकालांचा एकत्रित संच, एकच निघू शकतो.

1998 साली अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या काकांचे पुरुष वंशज आणि जेफरसन यांच्याकडे गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्जच्या धाकट्या मुलाचा वंशज यांचे वाय गुणसूत्र जुळले, तेव्हा थेट थॉमस यांचे नाव घेऊन मथळे झळकले. प्रत्यक्षात चाचणीने सांगितले ते एवढेच, की सॅलीच्या त्या मुलाचा बाप जेफरसन घराण्यातला. थॉमस यांचा भाऊ रँडॉल्फ याच्यातही तेच गुणसूत्र होते. थॉमस यांच्याकडे बोट जाते ते कागदपत्रांतल्या इतर पुराव्यांमुळे. म्हणून अहवालात ‘नमुना आरोपीचाच आहे’ असे कधीही लिहू नका. ‘आरोपी व त्याचे पितृवंशातील पुरुष नातेवाईक यांना वगळता येत नाही’ असे लिहा. वाक्य रुक्ष आहे, पण उलटतपासणीत तेच टिकते. वाय-एसटीआरची खरी धार माणूस वगळण्यात आहे.

दुसरी चूक आकड्यांची. नेहमीच्या डीएनए चाचणीतले मार्कर एकमेकांपासून स्वतंत्र मानता येतात, म्हणून त्यांच्या वारंवारतांचा गुणाकार चालतो. वाय गुणसूत्रावरचे मार्कर एका गठ्ठ्यात वारशाने येतात. तिथे गुणाकार केलात तर निघणारा अब्जावधींचा आकडा निव्वळ भ्रम असतो. त्याऐवजी अख्खा हॅप्लोटाइप वायएचआरडीसारख्या, अनेक पुरुषांचे वाय हॅप्लोटाइप साठवणाऱ्या संदर्भसंग्रहात किती वेळा आढळतो ते मोजा. 3,000 प्रोफाइलमध्ये एकदाही आढळला नाही, तरी 95 टक्के विश्वासमर्यादेने म्हणता येते ते इतकेच, की त्याचे प्रमाण साधारण हजारात एकापेक्षा जास्त नसावे. संग्रह कोणत्या लोकसमूहाचा आहे तेही बघा. आणि हा आकडा नातेवाइकांना मुळीच लागू होत नाही.

आता चाचणीच्या आलेखातली शिखरे, म्हणजे मार्करवर सापडलेल्या तुकड्यांच्या खुणा. डीवायएस385 या वाय मार्करवर दोन शिखरे दिसली म्हणून लगेच ‘दोन पुरुषांचे मिश्रण’ ठरवू नका. या मार्करच्या मुळातच दोन प्रती असतात. एरवी एकच प्रत असलेल्या डीवायएस19 चेही काही पुरुषांत द्विगुणन झालेले असते. मिश्रणाचा संशय घ्यायचा तो अनेक एकप्रती मार्करवर दुहेरी शिखरे आली तर. उलट बाप आणि लेक दोघांचेही डीएनए असलेला डाग एकाच माणसाचा वाटतो, आणि ही फसगत आलेखावरून उमगत नाही. डीवायएस389-दोनच्या लांबीत डीवायएस389-एक सामावलेला असतो. त्यामुळे डीवायएस389-एकमधला बदल दोन्हीकडे दिसतो. तो दोन विसंगती म्हणून मोजू नका.

लिंग ओळखण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या अमेलोजेनिन जनुकावर फक्त एक्स आला म्हणून नमुना स्त्रीचा ठरवण्याची घाईही नको. काही पुरुषांत, दक्षिण आशियातही, वाय गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला असतो. सोबत डीवायएस458 गायब आणि बाकीचे वाय मार्कर ठणठणीत, असे चित्र असेल तर चाचणी फसलेली नाही.

नाते तपासताना एका मार्करवरच्या एका पायरीच्या, म्हणजे एका तुकड्याच्या, फरकाने नाते नाकारू नका. उत्परिवर्तनाचा सरासरी दर दर मार्करमागे, दर पिढीला हजारात दोन-तीन असतो. वीस-बावीस मार्करच्या संचात बाप-लेकांच्या साधारण वीस जोड्यांमागे एका जोडीत फरक सापडावा, असा हिशेब निघतो. घटनास्थळाचा नमुना आणि संशयिताचा स्वतःचा नमुना यांच्यात फरक असेल, तर मात्र ही सबब चालणार नाही.

‘हे माझ्या भावाचे असेल’ असा बचाव आला, तर दर पिढीला शंभरात एकाहून अधिक दराने बदलणारे वेगवान मार्कर लावून पाहा. कधीकधी भाऊही वेगळे पडतात. नाही पडले, तर शक्य असल्यास भावाचा नमुना मागवा आणि डागात पुरेसा पुरुष डीएनए असेल तर नेहमीची ऑटोसोमल, म्हणजे लिंगगुणसूत्रे सोडून इतर गुणसूत्रांवरची, चाचणी करा.