ट्रेलरवर मोटरसायकल बांधताना

माझा मुलगा मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरतो आणि त्याची गाडी ट्रेलरवरून न्यायचं काम माझ्याकडे असतं. पहिल्या वर्षी मी ती साइड स्टँडवर उभी करून आवळून बांधली होती. रस्त्यात मोठा खड्डा आला, शॉकअप दबले, दोऱ्या क्षणभर सैल पडल्या आणि गाडी आडवी झाली. टाकीला पोचा आला. निघताना दोरी घट्ट होती, पण ती खड्ड्यातही घट्ट राहायला हवी होती.

म्हणून आता स्टँड वर घेते. पुढचं चाक ट्रेलरच्या चॉकमध्ये, म्हणजे चाक अडवून धरणाऱ्या खोबणीत बसवते, मुलगा गाडी सरळ धरतो आणि मी पुढचे दोन रॅचेट पट्टे (खटका मागेपुढे करून आवळायचे पट्टे) लावते. ते हँडलला नाही, खालच्या टीला, म्हणजे हँडलखाली पुढचे दोन्ही शॉकअप एकत्र धरणाऱ्या धातूच्या आडव्या तुकड्याला. हँडल ताणाने फिरतं, वाकतं. हुक थेट धातूत अडकवण्याऐवजी मध्ये कापडी फास घालते. पट्टे पुढे आणि बाहेरच्या बाजूला, साधारण ४५ अंशांत उतरले पाहिजेत. थोडा डावा, थोडा उजवा असं आलटून पालटून आवळायचं. शॉकअपची चाल एक तृतीयांश ते निम्मी दबली की थांबायचं. पार तळाला टेकवलेत तर ऑइल सीलवर नाहक ताण येतो. डर्ट बाइकसाठी चाक आणि मडगार्डच्या मध्ये बसणारा ठोकळा मिळतो, तो जरूर घ्या.

मागचे दोन पट्टे फ्रेमला. गाडीचं बूड उडून बाजूला सरकू नये, एवढंच त्यांचं काम. कुठलाही पट्टा ब्रेकच्या नळीवरून किंवा वायरवरून जाऊ देऊ नका आणि उरलेली टोकं गाठ मारून ठेवा, नाहीतर ती चाकात जातात.

गाडी चढवण्याआधी ट्रेलर कारला जोडलेला हवा, कारचा हँडब्रेक ओढलेला हवा. नाहीतर मागे वजन पडताच ट्रेलरचं तोंड वर उचलतं. गाडी चढवायची फळीसुद्धा ट्रेलरला बांधा; ती निसटली की माणूस गाडीखाली सापडतो. गाडीवर बसून ती फळीवरून चढवायला मी मुलाला कधीच देत नाही.

वजनाकडे फार लोक दुर्लक्ष करतात, याची मला खरंच काळजी वाटते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर, म्हणजे ट्रेलर कारला जिथे अडकतो तिथे, यायला हवा: ट्रेलर आणि गाडी मिळून ३०० किलो असतील, तर ३० ते ४५ किलो. गाडी फार मागे असली की वेगात ट्रेलर डोलू लागतो. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा.

सुरक्षा साखळ्या जोडाखालून एकमेकींना छेदून लावा, मागचे दिवे तपासा आणि निघा. दहा-पंधरा किलोमीटरवर मी थांबतेच. प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघते, मग ट्रेलरच्या चाकांच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) तळवा ठेवते. हब कोमट असेल तर चालतं. हात ठेववत नसेल, तर बेअरिंग बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही, शर्यत चुकली तरी.